नारिंगी जॅकेट

बाबांनी शाळेतल्या मित्राची गाडी मागून आणली
आणि तिच्यात आम्हा सहा जणांना
भोपळ्यातल्या बियांसारखं दाटीनं बसवलं.
आईचं म्हणणं, कंपालात काय पक्षी कमी आहेत?
कचऱ्याच्या ढिगावर मारबू करकोचे उभेच असतात,
टकले, वकिलांसारखे, आणि फुकट.
तरी पहाटे उठून तिनं चपात्या लाटल्या,
शेंगा उकडल्या,
जज्जांच्या खिशात त्यांची गोळी ठेवली.

जज्जा, म्हणजे आमचे आजोबा,
नको नको म्हणत होते.
माबाम्बाचं हे पाणी तीस वर्षं वल्हवलेलं,
आता त्याच पाण्याचं तिकीट काढायचं?
धक्क्यावर वास्वा नावाच्या पोरानं
त्यांना नारिंगी जॅकेट चढवलं, बंद आवळले.
"नियम आहे, आजोबा."
त्या पोराच्या आजाबरोबर जज्जांनी जाळी विणली होती.
सांगितलं नाही.

होडी अरुंद. दोन्हीकडे पपायरसच्या भिंती,
मधे पाणी, कोऱ्या चहासारखं.
निळी कमळं अजून मिटलेली.
एक जकाना पानापानांवरून चालत गेला
आणि एकही पान बुडालं नाही.
मुबिरू, माझा धाकटा भाऊ, वहीत लिहितो:
जकाना. एक. बोटं फार लांब.
दुर्बिणीचा एकच डोळा चालतो.
तो पाळीपाळीनं घ्यायचा ठरलंय,
पण आत्याची पाळी संपतच नाही.

वास्वा वल्हं थांबवून सांगतो,
पूर्वी कोळी बुलवेला अपशकुनी मानायचे.
तो दिसला की जाळं रिकामं.
दगड मारायचे, अंडी फोडायचे.
"अरेरे," आई म्हणते.
जज्जा बंदाच्या गाठीशी चाळा करत राहतात.

मग तो दिसला.
म्हणजे तो तिथं होताच,
आमचे डोळे उशिरा पोचले.
राखाडी, मुबिरूएवढा उंच,
तोंडावर लाकडी खडाव बांधल्यासारखी चोच,
आणि कुणीतरी पैसे बुडवल्यासारखी नजर.
पाऊण तास आम्ही बघत बसलो.
त्यानं काही म्हणता काही केलं नाही.
आईला ते फारच आवडलं.
"घरात असं एक तरी माणूस हवं," ती कुजबुजली.

आणि अचानक तो कोसळला,
सगळ्या अंगानिशी, फळीवरून गोणी पडावी तसा.
उठला तेव्हा चोचीत चिखल, गवत, मुळं,
आणि त्यात वळवळणारा मांबा.
आमचं देवक.
आमच्या कुळात मांबा खात नाहीत,
बाजारात पाटीवर दिसला तरी वाट बदलतात.
मुबिरूनं टाळीसाठी उचललेले हात
तसेच धरून जज्जांकडे बघितलं.
जज्जा म्हणाले,
"त्याचं देवक वेगळं असेल."

परतताना ऊन चढलं.
होडीच्या काठाला सांगावं तसे जज्जा बोलले,
"एक पिल्लू विकलं होतं मी.
एंटेबेच्या एका माणसाला.
टोपलीत घालून, वर केळीचं पान.
रस्ताभर चोच वाजवत होतं."
बाबांनी विचारलं, "कधी?"
"तुझी सातवीची फी होती."

बाबा आता सातवीच्याच वर्गाला शिकवतात.
त्यांनी आत्याच्या हातातून दुर्बीण घेतली
आणि त्या एका डोळ्यानं
बराच वेळ पपायरसकडे बघितलं,
जिथं काहीच नव्हतं.

चपात्या धक्क्यावरच संपल्या.
वास्वानंही दोन खाल्ल्या.
कासान्जेपर्यंत आलो तेव्हा आई एकदम ओरडली:
जज्जांच्या अंगात अजून ते जॅकेट!
सगळे हसलो, बाबासुद्धा.
बाबांनी गाडी वळवली, मागे लाल धूळ उठली.
मुबिरू वही मांडीवर घेऊन बेरीज करत होता.
"बुलवे एक," तो म्हणाला.
"का पिल्लू धरून दोन लिहू?"

जज्जांनी गाठ सोडायला घेतली.
ओली होऊन ती घट्ट बसली होती.